फायर अँट्सना हाकलू नका, जेवायला बोलवा: टेक्सासमधल्या बॅकयार्डसाठी

भेंडीला कळ्या लागल्या की रोज सकाळी चहाचा कप घेऊन बघायला जायची सवय असते ना, तशी मी आमच्या इथल्या पहिल्या उन्हाळ्यात जात होते, आणि एक दिवस बघते तर कळी उमलायच्या आधीच बुडाशी कुरतडलेली आणि आत सात-आठ तांबूस मुंग्या. मला वाटलं आपल्या घरच्या लाल मुंग्या, फुंकर मारली, बोटाने झटकल्या, आणि पुढच्या दहा सेकंदात स्लिपरमधल्या पायाला कोणीतरी पेटत्या उदबत्तीचे चटके देतंय असं झालं. वाफ्याच्या कडेला वारूळ होतं आणि मी बरोब्बर त्याच्यावर उभी होते. चहा गेला, कप फुटला, दुसऱ्या दिवशी पायावर पंधरा-वीस पांढरे फोड. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीकडे राहतो आणि आता नऊ वर्षं झालीत, दर वर्षी कोणीतरी नवीन मराठी कुटुंब राहायला येतं आणि मेमध्ये मला पायाचा फोटो पाठवून विचारतं की हे काय चावलंय. ही डंख मारणारी तांबूस मुंगी म्हणजेच फायर अँट, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

त्या वर्षी सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी आधी हळद टाकली, मग राख मागितली (ती कुठून आणू इथे, ग्रिल पण गॅसचा), मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळून ओतलं. वारूळ बसलं, आम्ही खूश. तीन-चार दिवसांत चार फुटांवर नवीन वारूळ, आणि पाणी ओतलेल्या जागचं लॉन पिवळं ते वेगळंच. गंमत म्हणजे ह्याच सासूबाई गावी झाडाच्या बुंध्याशी मुंग्यांना पीठ-साखर घालतात, पुण्याचं काम म्हणून. फायर अँट्सवरचा खरा उपाय तोच निघाला, पीठ घालायचं, फक्त त्या पिठात औषध असतं आणि पुण्याचा हिशोब आपला आपण बघायचा.

आधी खात्री करा की फायर अँटच आहे

दिसली मुंगी की मार असं करू नका, खरंच. फायर अँटचं वारूळ मऊ, भुसभुशीत, चाळलेल्या मातीच्या ढिगासारखं दिसतं आणि त्याला वरती मधोमध भोक नसतं. ही खूण पक्की लक्षात ठेवा. ह्यांची ये-जा जमिनीखालच्या बोगद्यांतून असते आणि बोगदे वारुळापासून लांब जाऊन कुठेतरी गवतात उघडतात. मुंग्या तांबूस-तपकिरी, मागचा भाग काळसर, आणि एकाच वारुळात लहान मोठ्या सगळ्या साइझच्या, साधारण २ ते ६ मिलिमीटर. लांब काठीने वारूळ जरासं उकरून लगेच मागे व्हा, एक-दोन सेकंदात शेकड्याने वर येतात आणि काठीवर सरसर चढायला लागतात. दुसऱ्या मुंग्या असं करत नाहीत, त्या बहुतेक पळतात.

मधोमध भोक, आजूबाजूला गोल मोकळी जागा आणि मोठ्या लाल मुंग्या दिसल्या तर ती हार्वेस्टर अँट, इथली मूळची, तिला सोडून द्या. टेक्सासचा राज्य-सरडा म्हणजे तो शिंगवाला हॉर्न्ड लिझर्ड, त्याचं मुख्य जेवण ह्या हार्वेस्टर मुंग्या. शिवाय इथल्या मूळच्या मुंग्या फायर अँटशी जागेसाठी भांडतात आणि नवीन राण्यांना खातात, म्हणजे त्या आपल्या बाजूच्या आहेत. सरसकट सगळ्या लॉनवर मुंग्या मारायचं औषध फवारलं तर रिकाम्या जागेवर सगळ्यात आधी परत कोण येतं? फायर अँटच.

ही मुंगी मूळची दक्षिण अमेरिकेतली, ब्राझील-अर्जेंटिना भागातली, आणि १९३०च्या दशकात जहाजातून अलाबामातल्या मोबील बंदरात उतरली. पुढे मुंग्यांचा जगप्रसिद्ध अभ्यासक झालेला ई. ओ. विल्सन १९४२ मध्ये १३ वर्षांचा होता, मोबीललाच राहायचा, त्याने तेव्हाच हिची नोंद केली होती. टेक्सासात ती १९५०च्या दशकात पोचली. शास्त्रीय नाव सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा, इन्व्हिक्टा म्हणजे अजिंक्य, सातारकरांना लगेच अजिंक्यतारा आठवेल. नाव उगाच नाहीये, साठ-सत्तरच्या दशकात सरकारने विमानातून औषध टाकून हिला संपवायचा प्रयत्न केला, लाखो एकरांवर, आणि शेवटी मुंगी राहिली आणि ते औषधच बंद करावं लागलं. तेव्हा आपण आपल्या पाव एकरात हिचं समूळ उच्चाटन वगैरे करणार नाही आहोत, पोरं अनवाणी लॉनवर पळू शकतील एवढं झालं तरी खूप.

वारुळावर हल्ला का फसतो

वर दिसतं ते फक्त गच्चीवरचं छप्पर समजा. खाली चार-पाच फूट खोल बोगदे, मोठ्या वारुळात दोन लाखांच्या वर मुंग्या, आणि राणी दिवसाला आठशे-हजार अंडी घालू शकते. राणी सहा-सात वर्षं जगते. त्यात टेक्सासमध्ये बऱ्याच ठिकाणी एका वारुळात एक राणी नसून अनेक राण्या असतात. तुम्ही वरून काहीही ओतलं आणि राणीपर्यंत पोचलं नाही, तर कामकरी मुंग्या राणीला आणि पिल्लांना उचलून दुसरीकडे नेतात आणि तुम्हाला वाटतं काम झालं. वारूळ मेलं नाही, शिफ्ट झालं.

आता ह्यांची जेवायची पद्धत बघा, कारण सगळी ट्रिक तिथेच आहे. मोठ्या झालेल्या फायर अँटला घट्ट अन्न गिळताच येत नाही, फक्त पातळ. बाहेर फिरणाऱ्या मुंग्या घट्ट कण उचलून घरी आणतात आणि शेवटच्या टप्प्यातल्या अळ्यांना देतात, त्या अळ्या ते पचवून पातळ करतात आणि मग ते तोंडातोंडाने सगळ्या वारुळात फिरतं, राणीपर्यंत. म्हणजे राणीला काय द्यायचं ते तिच्याच घरच्यांच्या हातून द्यायचं. म्हणून औषध सावकाश मारणारं लागतं, झटपट मारणारं असेल तर आणणारी मुंगी वाटेतच मरणार आणि राणी आत मजेत.

ह्या खाण्याला इथे बेट म्हणतात, बेट म्हणजे आमिष हो, पाण्यातलं बेट नाही. पुढे सगळीकडे मी आमिषच म्हणते. हे आमिष म्हणजे चक्क मक्याचा रवा असतो, सोयाबीन तेलात भिजवलेला आणि त्या तेलात औषध मिसळलेलं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या अ‍ॅग्रीलाइफ एक्स्टेन्शनवाले, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणारे लोक, ह्या सगळ्या पद्धतीला टेक्सास टू-स्टेप म्हणतात, इथल्या नाचाच्या नावावरून. पहिली पायरी सगळ्या अंगणात आमिष पसरायचं, दुसरी पायरी जी वारुळं फारच त्रास देतायत तेवढ्यांवर वेगळा इलाज.

पहिली पायरी, पाडवा आणि नवरात्र

वर्षातून दोनदा पसरायचं. मी लक्षात ठेवायला सोपं म्हणून एकदा गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात आणि एकदा नवरात्रात करते. डॅलसकडे थंडी उशिरा जाते, तिथल्यांनी पाडव्याऐवजी अक्षय तृतीया धरा. एकदाच जमणार असेल तर नवरात्रातलं करा, ते जास्त लागू पडतं. कारण तेव्हा मुंग्या भरपूर बाहेर फिरत असतात, आणि अंडी बंद पाडणारं औषध दिलं असेल तर थंडीभर नवीन कामकरी तयार होत नाहीत आणि वसंतात वारूळ उठतच नाही.

दिवस निवडताना जरा पंचांग बघितल्यासारखं बघावं लागतं. जमीन कोरडी हवी, आदल्या रात्री स्प्रिंकलर चालला असेल तर नको, पुढचे २४ तास पाऊस नको (स्प्रिंकलरचा टायमर बंद करायला मी दोनदा विसरलेय, दोन्ही वेळा पिशवीभर आमिष पाण्यात), आणि तापमान साधारण ६५ ते ९५ डिग्री फॅरनहाइटच्या मधलं. उन्हाळ्यात दुपारी टाकाल तर मुंग्या बाहेरच येत नाहीत आणि उन्हात तेल आणि औषध दोन्ही खराब होतं, म्हणून संध्याकाळी सूर्य कलल्यावर टाका, त्या रात्री उचलून नेतात.

त्याआधी एक परीक्षा घ्या. बटाट्याचे वेफर्स चार-पाच ठिकाणी गवतात ठेवा, वारुळावर नाही, वारुळापासून लांब. वीस-तीस मिनिटांनी जाऊन बघा. वेफर मुंग्यांनी भरला असेल तर त्या भुकेल्या आहेत, लगेच आमिष टाका. कोणी फिरकलंच नाही तर पिशवी उघडूच नका, दोन-तीन दिवसांनी परत बघा. आमच्याकडे वेफर्स नव्हते तेव्हा मी शेव ठेवली होती, तेलकट असल्यामुळे ती पण चालली, फक्त झाडावरची खार पण आली पळत.

किती टाकायचं ह्यात सगळे चुकतात. बहुतेक आमिषांचं प्रमाण एकराला १ ते १.५ पाउंड असतं. म्हणजे तुमचं अंगण ५००० स्क्वेअर फुटांचं असेल तर फक्त ५० ते ८० ग्रॅम, जेमतेम आमटीची एक वाटी! पसरल्यावर जमिनीवर काही दिसतच नाही, आणि आपल्याला वाटतं एवढ्याने काय होणार, अजून घालू. नका घालू. रांगोळीची चिमूट कशी सोडतो तसं विरळ. हातात धरायचा आणि हँडल फिरवून उडवायचा छोटा स्प्रेडर मिळतो, तो सगळ्यात बारीक भोकावर ठेवायचा आणि भरभर चालत एकदा उभं आणि एकदा आडवं फिरायचं. ज्या स्प्रेडरमध्ये खत टाकता तो वापरू नका, खताचा वास लागला की मुंग्या तोंड लावत नाहीत, आणि आमिषाची पिशवी गॅरेजमध्ये पेट्रोलच्या कॅनशेजारी ठेवली तरी तेच होतं. हो, आणि तेल खवट होतं. मागच्या वर्षीची अर्धी उघडी पिशवी हुंगून बघा, जुन्या शेंगदाण्यासारखा वास येत असेल तर मुंग्यांनाही तो कळतो. छोटी पिशवी घ्या आणि त्याच सीझनला संपवा.

वारुळावर नेऊन ओतू नका, हे परत सांगते. जेवायला बाहेर पडलेली मुंगी वारुळाच्या डोक्यावर नसते, ती दहा-वीस फुटांवर गवतात असते.

दुकानात रांगेने पिशव्या असतात आणि सगळ्यांवर मुंगीचंच चित्र, तर पुढचं नाव न बघता मागचं औषधाचं नाव वाचा. हायड्रामिथिलनॉन असेल तर साधारण दोन ते सहा आठवड्यांत फरक दिसतो, पण उन्हात लवकर निकामी होतं. इंडॉक्साकार्ब सगळ्यात फास्ट, आठवड्या-दीड आठवड्यात. स्पिनोसॅड हे मातीतल्या एका बॅक्टेरियापासून बनवलेलं, दोन-चार आठवडे घेतं आणि ऑरगॅनिक बागेत चालणारी आमिषं त्यात मिळतात. मेथोप्रीन आणि पायरिप्रॉक्सिफेन ही मारत नाहीत, अंड्यांमधून नवीन कामकरी होऊ देत नाहीत, म्हणजे वारूळ म्हातारं होऊन संपतं, दोन-तीन महिने किंवा जास्त लागतात पण परिणाम खूप टिकतो. मी काय वापरते असं विचाराल तर लॉनसाठी हायड्रामिथिलनॉन आणि मेथोप्रीन एकत्र असलेलं, एक लवकर मारतं आणि दुसरं मागून बंदोबस्त करतं. फिप्रोनिलचे दाणे पण मिळतात, ते आमिष नाही, ते पाणी देऊन मातीत मुरवायचे, लागू पडायला महिना-दोन महिने लागतात आणि मग जवळपास वर्षभर टिकतात, पण ते फक्त लॉनसाठी, भाजीच्या आसपास नाही.

कुत्रा असेल तर पिशवी उंच कपाटात. पसरलेले कण इतके विरळ असतात की त्याचा प्रश्न नसतो, पण पिशवीला मक्याचा आणि तेलाचा वास येतो आणि तो अख्खी पिशवी फाडून खाऊ शकतो.

शेजाऱ्याशी बोलून दोघांनी एकाच वीकेंडला टाकलं तर फायदा दुप्पट नाही, चौपट वाटतो. मुंग्यांना कुंपण कळत नाही. आमच्या गल्लीत आता सात घरं एकत्र करतात, एक मोठी पिशवी आणून वाटून घेतो, स्वस्त पण पडतं.

दुसरी पायरी

आमिष टाकल्यावर दोन-चार दिवस थांबा, त्यांना पोटभर खाऊ द्या. मग फक्त ती वारुळं बघा जी दाराशी, झोक्याखाली, मेलबॉक्सपाशी, एसीच्या युनिटजवळ आहेत. बाकीची सोडा, ती आमिषाने जातील.

त्रासदायक वारुळावर लिक्विड ओतायचं असेल तर पाण्यात मिसळायचं औषध लेबलवर दिलेल्या प्रमाणात घेऊन एक ते दोन गॅलन पाणी हळूहळू ओतायचं, आधी कडेने गोल आणि मग मधे. आधी लाथ मारून किंवा काठी खुपसून त्यांना उठवायचं नाही, उठवलं की राणी खाली पळवतात. वेळ निवडा सकाळची, थंडी सरून ऊन पडलेलं असताना, कारण तेव्हा त्या अळ्या-अंडी ऊब मिळावी म्हणून वारुळाच्या वरच्या भागात आणून ठेवतात आणि राणी पण वर असते. ऑगस्टच्या दुपारी ओतलं तर सगळे तळघरात. ऑरगॅनिक हवं असेल तर संत्र्याच्या सालीच्या तेलाची, डी-लिमोनीनवाली औषधं मिळतात, लगेच मारतात, पण जिथे भिजलं तेवढंच, आणि झाडाच्या मुळांवर ओतलं तर झाडही भाजतं.

अ‍ॅसिफेटची पांढरी पावडर पण लोक वापरतात, वारुळावर चमचाभर भुरभुरायची, पाणी लागत नाही, काम चांगलं करते. पण वास असा की कोणीतरी सडकी कोबी मोज्यात भरून ठेवलीय, आणि भाजीच्या वाफ्यात अजिबात नाही.

उकळतं पाणी? चालतं, पण थोडंच. एका वारुळाला साधारण तीन गॅलन लागतं आणि जवळपास ६० टक्के वेळा वारूळ मरतं. तीन गॅलन म्हणजे अकरा लिटरच्या वर उकळतं पाणी घेऊन लॉनवरून चालायचं, फायर अँट्सच्या मधून. सासूबाईंच्या पायावर थेंब उडाला होता, थोडक्यात वाचल्या. वाफ्याच्या मधोमध, जिथे काहीच औषध टाकायचं नाही, तिथे मी अजूनही वापरते, पण किटलीने, दोन-तीन फेऱ्यांत, बूट घालून.

एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये किंवा विजेच्या बॉक्समध्ये मुंग्या शिरल्या तर पाणी-बिणी काही ओतू नका. ह्या मुंग्यांना विजेच्या उपकरणांची काय ओढ आहे कोण जाणे, पण शिरतात, शॉक लागून मेल्या की अजून येतात आणि कॉन्टॅक्ट जाम करतात. आमचा एसी जुलैत असाच बंद पडला होता. मेन स्विच बंद करून टेक्निशियनला बोलवा आणि युनिटच्या भोवती जमिनीवर आमिष ठेवा.

भाजीचा वाफा

खरं तर ह्याच्यासाठीच लिहायला बसले होते. आपली मंडळी इथे काय लावतात, भेंडी, मिरची, वांगी, कारली, मेथी, अळू, कुंडीत कढीपत्ता. त्यात फायर अँटची सगळ्यात लाडकी भेंडी. कळ्या आणि फुलं बुडाशी कुरतडतात, कोवळ्या भेंड्या खरवडतात, आणि भेंडी तोडायला हात घातला की मनगटापर्यंत. बटाट्याचे कंद पोखरतात. लिंबाचं लहान रोप असेल तर खोडाची साल गोल कुरतडून मारून टाकू शकतात. आणि मावा-मिलीबगच्या (मिलीबग म्हणजे तो पांढरा पिठ्या ढेकूण) गोड चिकट पाण्यासाठी त्या किड्यांना राखणदारासारख्या जपतात, म्हणून जास्वंदीवर मिलीबग कमी होत नसेल तर खाली बुंध्याशी बघा.

न्याय म्हणून दुसरी बाजू पण सांगते, ह्या मुंग्या गोचिड्या, अळ्या, किड्यांची अंडी भरपूर खातात, लुइझियानात उसाच्या खोडकिडीला ह्या आवरतात. म्हणून लांब कोपऱ्यातल्या एखाद्या वारुळाकडे मी कधीकधी दुर्लक्ष करते.

वाफ्यासाठी पहिला नियम असा की लेबलवर भाजीपाल्यासाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते वाफ्याच्या आत जात नाही. लॉनची बरीच आमिषं आत चालत नाहीत. पण त्याची फारशी गरजही नसते, कारण मुंग्या वाफ्याच्या बाहेर जेवायला जातातच, त्यामुळे वाफ्याभोवती आठ-दहा फुटांच्या पट्ट्यात आमिष टाकलं की आतल्या मुंग्या येऊन घेऊन जातात. आत टाकायचंच असेल तर भाजीसाठी लेबल असलेलं स्पिनोसॅडचं आमिष. वेळ बियाणं पेरायच्या आधीची उत्तम, म्हणजे मातीला हात लावायच्या आधी पंधरा दिवस.

रेज्ड बेड म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेला वाफा ह्यांना फार आवडतो, कारण पाऊस पडला की खालची जमीन भिजते आणि बेड कोरडा आणि उबदार. ड्रिपच्या पाइपशेजारी उन्हाळ्यात हमखास. मल्च म्हणजे मातीवर पसरलेलं पालापाचोळ्याचं आच्छादन जाड असेल तर वारूळ दिसतही नाही, म्हणून हात घालायच्या आधी खुरप्याने दोन टपल्या मारून दोन सेकंद थांबायचं. फुल बूट, मोजे पँटच्या वर ओढलेले, दिसायला वेडं दिसतं पण मी असंच जाते.

जे करून वेळ घालवू नका

इथले लोक सांगतील की वारुळावर ग्रिट्स म्हणजे मक्याचा रवा टाक, मुंग्या खातात आणि पोटात फुगून फुटतात. आपल्याकडे पण रव्याबद्दल असंच सांगणारे आहेत. मोठी मुंगी घट्ट खातच नाही तर फुगणार कुठून! त्या मस्त घेऊन जातात आणि पिल्लांना घालतात. सोडा वॉटर ओतून काही होत नाही. एका वारुळाची माती दुसऱ्यावर टाकली की दोघी लढून मरतात हे पण खरं नाही, आणि टाकताना तुमचे हात मात्र जातात. हळद, दालचिनी, व्हिनेगर, ह्याने फार तर जागा बदलतात.

पेट्रोल कोणी सांगितलं तर त्या माणसाचं ऐकणंच बंद करा. आग लागते, माती वर्षानुवर्षं खराब होते, खालच्या पाण्यात जातं आणि बेकायदेशीर आहे. तसंच गावाहून येताना बॅगेतून मुंग्यांचा तो खडू आणू नका, कीटकनाशक खडू अमेरिकेत बेकायदेशीर आहे आणि लहान मुलं पाटीवरचा समजून हातात घेतात.

पंखवाल्या मुंग्या उडताना दिसल्या तर घाबरू नका. मरायच्या वेळी मुंगीला पंख फुटतात म्हणतात ना, तर फायर अँटमध्ये ते नरांना अगदी लागू आहे, ते मीलन झालं की मरतात. राणी मात्र खाली उतरून पंख टाकते आणि मातीत शिरते. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की हे उड्डाण होतं आणि त्यानंतर काही महिन्यांनी नवीन वारूळ वर दिसतं. तुम्ही सगळं नीट केलंत तरी परत मुंग्या का आल्या त्याचं उत्तर हे आहे, म्हणून दोनदा करायचं आणि दर वर्षी करायचं.

चावल्यावर

आधी वारुळापासून लांब पळा, मग हाताने जोरात झटकून काढा. पाणी मारू नका, पाण्याने त्या अजून घट्ट धरतात. ही मुंगी जबड्याने कातडी धरून ठेवते आणि मागच्या नांगीने गोल फिरत परत परत डंख मारते, म्हणून एकेकीचे चार-पाच डंख असतात. बर्फ लावा, साबणाने धुवा, खाज येईल त्यासाठी अँटीहिस्टामिन किंवा हायड्रोकॉर्टिझोन क्रीम. दुसऱ्या दिवशी पांढरा फोड येतो, तो फोडायचा नाही, फोडला की पिकतो आणि डाग राहतो, माझ्या घोट्यावर अजून दोन आहेत.

पण घसा आवळल्यासारखा वाटला, ओठ किंवा जीभ सुजली, अंगभर पित्त उठलं, चक्कर आली, श्वास लागला तर लगेच ९११. एपिपेन (अ‍ॅलर्जीचं तातडीचं इंजेक्शन) असेल तर आधी ते. देशातून आलेल्या आई-बाबांना हे मुद्दाम सांगून ठेवा, कारण ते संध्याकाळी चपला घालून लॉनवर चकरा मारतात आणि मुंगी चावली तर काय डॉक्टर, असं म्हणतात.

पूर आला तर

२०१७ मध्ये हार्वी वादळाच्या पुरात इथल्या रस्त्यांवरच्या पाण्यात लालसर सतरंजीसारखे तरंगते थर दिसत होते, ते फायर अँट्स होते. वारुळात पाणी शिरलं की सगळ्या एकमेकींना धरून तराफा करतात, राणी आणि अळ्या मधे सुरक्षित, आणि कोरडं काही लागेपर्यंत तरंगत राहतात. ते कोरडं काही म्हणजे तुमचा पाय पण असू शकतो. पाण्यात उतरावं लागलं तर गमबूट, आणि स्प्रे बाटलीत पाणी आणि भांड्याचा साबण जवळ ठेवा, साबणाने तराफा मोडतो आणि मुंग्या बुडतात. पाणी ओसरल्यावर साचलेला कचरा, लाकडं, भिजलेलं फर्निचर हाताने उचलू नका, आधी काठीने हलवून बघा. आमिष मात्र जमीन सुकून मुंग्या परत फिरायला लागेपर्यंत थांबून मगच.

कुंड्या आणि रोपं

नवीन रोप नर्सरीतून आणलं किंवा कोणी भेट दिलं तर कुंडी उचलून खालची भोकं बघा, आणि कुंडीला बाहेरून दोन थापा मारा. आमच्याकडची एक वसाहत अशीच मोगऱ्याच्या कुंडीतून आली. कुंडी थेट जमिनीवर न ठेवता विटांवर ठेवली तर आत शिरणं जरा अवघड होतं, पूर्ण बंद नाही होत.

आणि आपल्या लोकांची सवय, कढीपत्त्याचं रोप दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीला गाडीतून नेऊन द्यायची. फायर अँटचा फेडरल क्वारंटाइन आहे, क्वारंटाइनमधल्या भागातून मातीसकट रोपं, हरळीचे गालिचे, गवताच्या पेंढ्या बाहेर नेण्यावर नियम आहेत, आणि कढीपत्ता लिंबाच्या कुळातला असल्यामुळे त्याला लिंबावरच्या रोगाचा वेगळा क्वारंटाइन पण लागतो. त्यामुळे मैत्रिणीला तिच्याच राज्यातल्या नर्सरीतून रोप घ्यायला सांगा, आणि भेंडीचं बी हवं असेल तर ते मात्र खुशाल पाकिटात घालून पाठवा.